चौदा नंबरचं हत्यार

आमच्या घरात सुरी होती, पण ती वाढदिवसाचा केक कापायला आणि गावाहून आलेली पाकिटं फोडायला. बाकी जे काही चिरायचं, सोलायचं, खवायचं, ते आईच्या विळीवर. फणसाच्या लाकडाचा पाट, त्यावर बगळ्याच्या मानेसारखं वाकलेलं पातं आणि पात्याच्या टोकाला नारळ खवायचे दाते. आईच्या लग्नात तिच्या माहेरच्या लोहाराने ती घडवून दिली होती. गुहागरहून सौदीतल्या हाइलला येताना आईने दागिने गावी ठेवले आणि विळी बरोबर घेतली, गोधडीत गुंडाळून. रियाधच्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने ती गोधडी उलगडली आणि दोन पावलं मागे सरला. बाबांनी तिथेच फरशीवर बसकण मारून हवेतल्या हवेत कांदा चिरून दाखवला, वर डोळेही पुसले, तेव्हा कुठे आम्हाला सोडलं. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि आपल्याला जमीन पोटात घेईल तर बरं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं ते तिथे.

बाबा आयटीआय झालेले डिझेल मेकॅनिक. अबू साद नावाच्या कफिलाच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाच्या, गव्हाच्या शेतावर कामाला. तिथे शेताला पाणी घालायला लांबच लांब लोखंडी हात असत, चाकांवर उभे, घड्याळाच्या काट्यासारखे गोल फिरणारे. ते हात फिरते ठेवायचे, हे बाबांचं काम. इतर कामगार एकएकटे राहत, पण अबू सादने स्वतः कचेरीत खेटे घालून आम्हा दोघींचा व्हिसा काढून दिला होता. 'ज्याच्या घरी चूल पेटते तो माणूस पळून जात नाही,' असा त्याचा हिशेब असावा. काही का असेना, त्या उपकाराचं ओझं बाबांच्या मानेवर कायम असे. आमचं घर शेताच्या कडेला, दोन खोल्यांचं. दिवसभर जनरेटरची घरघर, खिडकीतल्या एसीचं बादलीत ठिबकणारं पाणी, पाच वेळची अजान आणि या सगळ्याच्या खाली आईच्या विळीचा आवाज. कोबी चिरताना चर्रर्र, गवार चिरताना नुसतं टक टक, आणि नारळ खवताना खर्र खर्र. शाळेतून आल्यावर दारातच मला कळायचं की आज उसळ आहे, भाजी आहे, की नारळाच्या रसातलं काही आहे. वास मागून यायचा.

मी सोळा वर्षांची झाले, दहावी झाले आणि घरी बसले, कारण आमच्या गावातली भारतीय शाळा दहावीलाच संपत असे. पुढे शिकायचं तर गावी मामाकडे जाऊन. बाबांचा त्यावर विचार चालला होता, आणि बाबांचा विचार त्यांच्या लोखंडी हातांसारखाच, गोल फिरून जिथल्या तिथे येणारा. मला इंग्रजीत सत्याऐंशी मार्क पडले होते. हे मी आज इतक्या वर्षांनी सांगते आहे म्हणजे तेव्हा किती सांगितलं असेल याचा अंदाज करा. आमच्या खानदानात कुणी सही करण्यापलीकडे इंग्रजी लिहिलेलं नव्हतं. बाबांनी ते मार्क शेतावर सगळ्यांना सांगितले आणि ते अबू सादच्या कानावर गेले.

अबू सादला त्या दिवसांत संग्रहालयाचं वेड लागलं होतं. हाइलकडे तेव्हा हे वेड साथीसारखं पसरलेलं. पैसा आलेला, मातीची जुनी घरं पडत चाललेली, आणि ज्याच्या त्याच्या मजलिसीत, म्हणजे बैठकीच्या खोलीत, आजोबांच्या कॉफीच्या सुरया मांडलेल्या. अबू सादने एक अख्खं मातीचं घर दुरुस्त करून घेतलं आणि जुन्या गावांतून ट्रक भरभरून सामान आणलं. उंटांची खोगिरं, दारं, कुलपं, तराजू, गंजक्या बंदुका. ते सगळं आधी बाबांच्या वर्कशॉपमध्ये उतरवायचं, झटकायचं, मग संग्रहालयात न्यायचं. सरकारी माणसं उद्घाटनाला येणार होती, एक गोरा पाहुणाही येणार होता, म्हणून प्रत्येक वस्तूला अरबी आणि इंग्रजी पाटी हवी होती. अरबी पाट्या शाळामास्तराने लिहिल्या. इंग्रजी लिहायला निरोप आला, "त्या हिंदी मेकॅनिकची हुशार मुलगी कुठंय?"

मजकूर घेऊन यायचा गुलखान. हा पेशावरकडचा पठाण, अबू सादचा ड्रायव्हर, आणि आमच्या घरचं दुसरं वर्तमानपत्र. तो ओट्यावर चहा घेत बसायचा, शाळामास्तराने सांगितलेलं आपल्या हिंदीत सांगायचा आणि मी ते इंग्रजीत लिहायची. वस्तू मी बघत नसे. बघायची गरज काय? माझ्याकडे सत्याऐंशी मार्क होते. 'उंटाचं खोगीर, लाकडाचं' असं गुलखानने सांगितलं तर मी 'वाळवंटाच्या अथांग एकांतात स्वाराला साथ देणारं' असं लिहायची. गुलखान बघायचा आणि म्हणायचा, "बेटी, मैं इतना तो नहीं बोला."

"चाचा, इंग्लिश में इतना लगता है."

"अच्छा? फिर ठीक है."

चौदा नंबरला तो जरा गोंधळला. "ये एक हथियार है. लोहे का. टेढ़ा. नीचे लकड़ी का तख़्ता, और मुँह पे दाँत हैं."

"दाँत?"

"दाँत. जैसे मगरमच्छ. साद के अब्बा के चाचा हैं ना, अबू नासिर, नब्बे साल के, वो बोले ये उनके बाप का है. कुएँ की लड़ाई में चलाया था."

मी पेन्सिल चघळली. लाकडाचा तख्ता हत्याराला कशाला, हे मला कळेना, पण कळत नाही असं कबूल करणं माझ्या स्वभावात तेव्हा नव्हतं आणि आताही फारसं नाही. मी लिहिलं ते साधारण असं: 'शूर योद्धा या फळीवर एक गुडघा टेकवून आपला तोल सांभाळत असे आणि चाल करून येणाऱ्या शत्रूवर वाकडं पातं चालवत असे. पुढचे दात शत्रूची ढाल फाडण्यासाठी.' दोनदा वाचून बघितलं. अंगावर काटा आला. गुलखानने कागद घडी घालून खिशात ठेवला.

आता मधे काय झालं ते सांगते, कारण ते मला नंतर कळलं. त्याच आठवड्यात आईच्या विळीचं पातं पाटात हलायला लागलं होतं. बाबा ती वर्कशॉपमध्ये घेऊन गेले, रिबिट मारलं, धार लावली, तेल लावलं आणि गोणपाटावर वाळत ठेवली. तेवढ्यात लांबच्या शेतावरचा पंप बंद पडला आणि ते तीन दिवस तिकडे अडकले. इकडे गुलखानला हुकूम होता की वर्कशॉपमधलं जुनं दिसेल ते सगळं उचल. माझ्या आईची विळी जुनी दिसत होती, यात गुलखानचा दोष नाही. संग्रहालयात अबू नासिर खुर्चीवर बसून एकेक वस्तू हातात घेऊन सांगत होते, हे अमक्याचं, ते तमक्याचं. विळी हातात आल्यावर म्हणे त्यांनी पाटावरून हात फिरवला. मग डोळे पुसून म्हणाले, "वल्लाह, हे माझ्या वडिलांचं."

आईला या कशाचाच पत्ता नव्हता. ती रोज विचारत होती, "अहो, माझी विळी?" आणि परत आलेले बाबा रोज म्हणत होते, "वर्कशॉपमध्येच असेल गो, सामान फार झालंय."

उद्घाटनाच्या दिवशी दुपारी बायकांची वेळ होती, चारनंतर पुरुषांची. आईने नवी साडी नेसली, वर काळा अबाया घातला, म्हणजे साडीचा उपयोग फक्त मला आणि देवाला. उम्म साद, म्हणजे कफिलाची बायको, दारात उभी. भरपूर देहाची, भरपूर हसणारी. अत्तर, वेलचीची कॉफी, खजूर. आम्ही एकेक वस्तू बघत चाललो. मी माझ्या पाट्यांसमोर जरा जास्तच रेंगाळत होते. तेरा नंबर धान्याचं माप. आणि चौदा नंबरला लाल मखमलीवर, वरून दिवा सोडलेला, आमची विळी.

मी पाटी वाचली. 'शूर योद्धा या फळीवर एक गुडघा टेकवून.' अगदी आई बसते तसा.

आणि त्या गंभीर शांततेत आई ओरडली, "अगो बाय! माझी विळी!"

पंधरा-वीस बायका वळल्या. उम्म सादने विचारलं, "उम्म नंदा काय म्हणते?" तिकडे बाईला पोरांच्या नावाने ओळखतात, म्हणून माझी आई उम्म नंदा, नंदाची आई. माझं अरबी शेजारच्या मुलींबरोबर खेळून आलेलं, तरी पुरेसं होतं. खरं सांगायला दोन शब्द लागले असते. मी म्हणाले, "ती म्हणते, फार सुंदर आहे."

"माशाल्लाह," सगळ्या बायका म्हणाल्या.

"काय सांगितलंस गो तू तिला?" आई.

"घरी सांगते. चल ना, आई. पुढे बघ, पंधरा नंबर बघ."

"तुझा पंधरा नंबर घाल चुलीत."

घरी जे झालं ते इथे सगळं लिहिता येणार नाही. आईने आधी बाबांना धरलं, मग मला, मग लोहाराला, की एवढी टिकाऊ घडवलीच कशाला. बाबा कपाळाला हात लावून बसले. त्यांची अडचण खरी होती. विळी माझ्या बायकोची आहे असं कफिलाला सांगणं सोपं. पण त्यासाठी नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्याला, तोही कफिलाचा चुलता, सरकारी माणसांसमोर त्याने लढाई सांगितलेली असताना, खोटं पाडायचं? "ती तुमच्या बापाची तलवार नव्हे, त्यावर आम्ही भेंडी चिरतो, असं सांगू काय जाऊन?"

"सांगा," आई म्हणाली. "त्यात काय खोटं आहे?"

"आणि तुझ्या पोरीने इंग्रजीत लिहून ठेवलंय त्याचं काय?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मला त्या क्षणी सत्याऐंशीतले निदान पन्नास मार्क परत करावेसे वाटले.

मग आईने सूड उगवला. ती सुरीने चिरायला लागली. आईला सुरी चालवता येत नाही. ती पातं आपल्याकडे वळवून भाजी पात्यावर ढकलायची, विळीसारखी, आणि आम्ही बघवत नाही म्हणून खोलीबाहेर जायचो. बटाटे अर्धे अर्धे, कांद्याच्या फोडी अशा की एक फोड एका घासाला पुरेल. कोबी चौकोनी. खोबऱ्याचे नुसते तुकडे आमटीत तरंगायचे, होड्यांसारखे. बाबा निमूट चावायचे. एकदा त्यांनी भीत भीत विचारलं, "किसणी आणू का बाजारातून?" आईने ज्या नजरेने बघितलं त्यानंतर तो विषय निघाला नाही.

इकडे चौदा नंबरची कीर्ती वाढत चालली. शेजारच्या वस्तीवरचे एक म्हातारे, अबू मतर, काठी टेकत आले. विहिरीच्या त्या लढाईत त्यांची माणसं पलीकडच्या बाजूची. त्यांनी विळी निरखून बघितली आणि म्हणाले, "हे तुमचं कसं? हे आमचं. तुमच्या लोकांनी त्या दिवशी आमच्याकडून चोरलेलं." अबू नासिर खुर्चीतून उठले, जे ते नमाजाशिवाय कुणासाठी उठत नसत. गुलखान सांगत होता, दोघांचं मिळून एकशे ऐंशीच्या वर वय, आणि दाढ्या एकमेकींना लागेपर्यंत पुढे झालेले. "तुझ्या बापाने पळताना टाकलं!" "तुझ्या बापाने पाठीमागून मारलं!" दोघांनाही ते हत्यार आठवत होतं, पाटावरच्या खाचेसकट. ती खाच मी लहानपणी खेळण्यातली हातोडी मारून पाडली होती.

आज मी हे हसत लिहिते, पण ते दोघे खोटं बोलत नव्हते, हे मला तेव्हासुद्धा कुठेतरी कळलं होतं. लढाई झाली होती. विहीर होती, ती अजून दाखवतात. माणसं मेली होती. फक्त हाताशी धरायला काही उरलं नव्हतं, आणि तेवढ्यात माझ्या आईची विळी हाताशी आली. पुढे मी इतिहास घेऊन बी.ए. झाले, आमच्या घराण्यातली पहिली, हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, आणि तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. मुलांना मी सनावळ्या पाठ करायला लावल्या, सगळं केलं. पण वर्गात पुस्तक उघडताना दर वेळी मनात एक प्रश्न यायचा, हे कुणी सांगितलं? आणि त्याने वस्तू बघितली होती का, की ओट्यावर बसून लिहिलं?

तर, दोन कुळं भांडतात अशी वस्तू मिळाल्यावर अबू सादचा आनंद गगनात मावेना. अशी वस्तू शेजारच्या कुणाच्याच संग्रहालयात नव्हती. त्याने ठरवलं, हिला काचेची पेटी हवी, कुलूप लावून, उगाच अबू मतरची पोरं घेऊन जायची. पेटी करायचं काम कुणाला? बाबांना.

बाबांनी स्वतःच्या बायकोच्या विळीसाठी स्वतःच्या हाताने पेटी केली. काम चोख, कारण बाबांना वाईट काम करताच येत नसे. ते संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले आणि भिंतीकडे बघत आईला सांगितलं. आई भाजीवर पाणी ओतत होती. तिने गॅस बंद केला. एवढंच म्हणाली, "किल्ली कुणाकडे?"

"बायकांच्या वेळेला उम्म सादकडे. का?"

"असंच."

पुढच्या गुरुवारी आईने पिशवीत एक कोबी घातला. मी विचारलं, "हे काय?" तर म्हणाली, "रिकाम्या हाताने कुणाकडे जाऊ नये." संग्रहालयात त्या दिवशी शहरातल्या दहाबारा बायका आल्या होत्या. उम्म साद धूळ पुसायला पेटी उघडून उभी होती आणि लढाई सांगत होती. आई सरळ पुढे गेली, "सामहीनी, उम्म साद," म्हणजे माफ कर, असा तिच्या ठेवणीतल्या चार अरबी शब्दांतला एक काढला आणि मखमलीवरून विळी उचलली. बायका किंचाळल्या. आईने ती गालिच्यावर ठेवली, अबाया सावरला, एक पाय दुमडून पाटावर बसली, दुसरा गुडघा उभा, आणि पिशवीतून कोबी काढला.

चर्रर्र.

मी तो आवाज पंचवीस दिवसांनी ऐकला. कोबी केसांसारखा पडत होता. आईचं लक्ष कुणाकडेच नव्हतं, तिने डोळेसुद्धा मिटले असतील तर मला नवल वाटणार नाही. अर्धा कोबी संपला. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "हत्यार नव्हे हे. कोशिंबिरीचं यंत्र आहे." आणि उम्म साद हसायला लागली. आधी पोट हललं, मग खांदे, मग ती खांबाला धरून खालीच बसली, डोळ्यांतून पाणी. "लढाई!" ती म्हणे आणि पुन्हा हसे. "कोबीशी लढाई!" एका मुलीने विचारलं, मी करून बघू? मग दुसरीने. उरलेला कोबी त्या दिवशी सहा सौदी बायकांनी मिळून चिरला, आणि आई प्रत्येकीला मराठीत ओरडत होती, "बोटं मागे घे गो! पात्याला नको, भाजीला ढकल!" आणि प्रत्येकीला ते बरोबर कळत होतं.

मग मला सगळं सांगावं लागलं. वर्कशॉप, गुलखान, पाटी, आणि मी 'फार सुंदर आहे' म्हणाले तेही. उम्म साद हसायची थांबली. ती आतल्या दाराशी गेली आणि नवऱ्याला हाक मारली. दाराच्या पलीकडे अबू साद, अलीकडे आम्ही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "उम्म नंदाची वस्तू आहे. आत्ताच्या आत्ता घेऊन जाऊ दे. खलास. चुलत्यांना मी सांगेन."

मी आईला मराठीत सांगितलं. आई विळी उचलून उभी राहिली. जिंकली होती ती. आणि नेमका तेव्हा दारापलीकडून अबू नासिरांचा आवाज यायला लागला. घरातल्या पोरांना जमवून ते विहिरीची गोष्ट सांगत होते, बसून नव्हे, उभे राहून, काठीने वार करत.

"काय सांगतात?" आईने विचारलं.

मी ते अरबीत विचारल्यावर उम्म सादने सांगितलं की अबू नासिर पाच वर्षांचे असतानाच त्यांचे वडील त्या लढाईत मारले गेले. चेहरासुद्धा आठवत नाही, असं म्हणायचे. गेली काही वर्षं तर कुणाशी बोलतच नसत, खोलीत एकटे जेवत. "हे आल्यापासून रोज येतात. पोरं त्यांच्याभोवती. आणि वडिलांचा चेहरासुद्धा सांगतात आता. कुठून आठवला, अल्लाहला माहीत."

आई विळी हातात धरून तशीच उभी. मला वाटलं ती आता रडेल, किंवा काहीतरी मोठं बोलेल. ती म्हणाली, "बाय, हिला सांग. विळी राहू दे इथे. पण दोन गोष्टी. एक, तू पाटी खरी लिही. तुझ्या त्या ढाली-बिली नकोत. दुसरं, दर गुरुवारी बायकांच्या वेळेला मला ती वापरायला मिळाली पाहिजे. आठवड्याची सगळी भाजी मी इथे येऊन चिरणार. नारळही इथेच खवणार. म्हाताऱ्याचा बाप त्याला राहू दे, पण मला माझ्या पोराबाळांना नीट जेवायला घालायचंय."

"आई, मी एकटीच आहे."

"तू गप बस."

मी भाषांतर केलं. उम्म सादने दाराकडे बघितलं. दारापलीकडून अबू साद म्हणाला, "यल्ला, मंजूर. पण कोबीचा कचरा उचलून न्यायचा."

ती पाटी लिहायला मला चार दिवस लागले. आधीच्या सगळ्या पाट्या मिळून एवढा वेळ लागला नव्हता. योद्धा फाडला, वाळवंट फाडलं. शेवटी उरलं ते एवढंच: 'लोखंड आणि फणसाचं लाकूड. उम्म नंदा सांगते, ही तिच्या माहेरच्या लोहाराने घडवली, ती यावर भाजी चिरते आणि नारळ खवते. अबू नासिर सांगतात, विहिरीच्या लढाईत त्यांच्या वडिलांच्या हातात अशीच एक वस्तू होती. अबू मतर सांगतात, ती त्यांच्या माणसांची होती.' खाली मी कुणाचं खरं ते लिहिलं नाही. अलीकडे माझ्या मुलीने, ती जाहिरातींचा मजकूर लिहिते, हे ऐकून विचारलं, "मम्मी, देअर इज नो पंच इन इट?" मी म्हणाले, नसू दे. मी आयुष्यात पुष्कळ लिहिलं, परीक्षेत लिहिलं, बक्षिसासाठी लिहिलं, पण ज्याची मला लाज वाटत नाही असं पहिलं लिखाण ते.

शाळामास्तराने ती अरबीत करून अबू नासिरांना वाचून दाखवली. मी गुलखानला विचारलं, रागावले का? तो म्हणाला, "बहुत ग़ुस्सा."

"क्यों? आई का नाम आया इसलिए?"

"नहीं. बोले, औरत का नाम पहले क्यों, उम्र में तो मैं बड़ा हूँ."

मी क्रम बदलला. त्याला माझी हरकत नव्हती, आईची होती.

मग गुरुवार सुरू झाले. गाडीच्या मागे बाबांनी भाजीचे दोन क्रेट बांधायचे, कोबी, दुधी, गवार, कांदे, बकाल्यातले, म्हणजे वाण्याकडचे, आठ नारळ, आणि आम्ही निघायचो संग्रहालयात. आई लाल मखमलीशेजारी बसून आठवड्याचा संसार चिरायची. बायका खास ते बघायला येत. त्यांनी आपल्या भाज्याही आणायला सुरुवात केली, आणि मग काकड्या, गाजरं, अजमोदा, सगळं आईच्या पुढ्यात. शूर योद्ध्याने चार लढायांत चिरलं नसेल एवढं आईने चार महिन्यांत चिरलं. त्या चार महिन्यांत बाबांचा विचारही एकदाचा थांबला. एका गुरुवारी क्रेट उतरवताना, दुसरं काहीतरी बोलत असावेत तसं, म्हणाले, "मामाला पत्र टाकलंय. जूनपासून कॉलेजला जा. नुसत्या मार्कांनी काही होत नाही, बघितलंस ना?"

निघायच्या आदल्या गुरुवारी आईने जास्तीचे नारळ खवले, माझ्याबरोबर वड्या द्यायच्या म्हणून. तिला उशीर झाला. चार वाजले, पुरुषांची वेळ झाली, आम्ही घाईघाईने विळी पुसली न पुसली पेटीत ठेवली आणि आतल्या दाराआड झालो. मी क्रेट हातात घेऊन फटीतून बघत होते. अबू नासिर आले, मागे पाचसहा पोरं. त्यांनी पेटी उघडायला लावली, विळी दोन्ही हातांनी उचलली आणि विहिरीपाशी त्यांचे वडील कसे उभे होते ते सांगायला सुरुवात केली. शत्रू डावीकडून आला. वडिलांनी पातं फिरवलं. मग ते दातांवरून बोट फिरवायला लागले आणि थांबले. खवणीच्या दातांत ओल्या खोबऱ्याचा कीस अडकला होता. पोरं बघत होती. आईने माझा दंड इतका घट्ट धरला की माझ्या हातातला क्रेट हलला.

म्हाताऱ्यांनी तो कीस बोटावर घेतला, उजेडात धरला, तोंडात टाकला, सावकाश चावला, आणि लढाई जिथे थांबली होती तिथून पुढे चालू केली.